तेलाची रॉयल्टी दरवर्षी येते आणि दरवर्षी खर्चून जाते : अर्थमंत्री कनुभाई देसाई यांना खुलं पत्र

मा. कनुभाई देसाई साहेब,
अर्थमंत्री, गुजरात राज्य

नमस्कार. पत्र मराठीत लिहितोय कारण माझी गुजराती धंद्यापुरती चालते पण वाद घालायला मला मराठीच लागते, आणि तुमच्या पारडी-वापीकडे मराठी माणसं भरपूर आहेत त्यामुळे कोणीतरी वाचून दाखवेलच. मी वडोदऱ्याचा, दांडिया बाजारातला. लोकांचे अकाउंट आणि टॅक्सची कामं करतो, म्हणजे इकॉनॉमिस्ट वगैरे नाहीये, पण कॅपिटल कुठलं आणि इन्कम कुठली एवढं कळतं.

अधूनमधून टीव्हीवर चर्चा होते की भारताने नॉर्वेसारखा सॉव्हरिन वेल्थ फंड, म्हणजे सरकारने पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवून गुंतवलेली पुंजी, काढायला पाहिजे, मग दुसरा पाहुणा म्हणतो अहो आपण कर्ज काढून संसार करतोय, आपला कसला फंड, आणि वेळ संपते. दोघंही दिल्लीचं बोलतात. मी गांधीनगरचं बोलतोय. माझं म्हणणं आहे की गुजरातने असा फंड काढावा, टॅक्सच्या पैशाचा नाही, कर्ज काढून तर अजिबातच नाही, फक्त जमिनीतून एकदा निघाला की परत न येणाऱ्या मालाच्या रॉयल्टीतला, म्हणजे तेल-खनिज काढणाऱ्या कंपन्या राज्याला देतात त्या पैशातला, एक हिस्सा बाजूला ठेवून. आणि पैसे बाहेर काढायचा नियम आधी विधानसभेत पास करायचा, फंड नंतर. नियम नसेल तर फंड नकोच.

साहेब, १९५८ ला खंभातजवळ लुणेजला तेल लागलं, १९६० ला अंकलेश्वरला, आणि १९६५ पासून आमच्या कोयलीची रिफायनरी सुरू आहे. तिच्यामागून आयपीसीएल हा पेट्रोकेमिकलचा सरकारी कारखाना आला आणि निम्मं वडोदरा त्याच्यावर उभं राहिलं. आमच्या ओळखीपाळखीत असं घर सापडणार नाही जिथलं कोणी ना कोणी रिफायनरीत, ओएनजीसीत नाहीतर त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरकडे नव्हतं. म्हणजे तेलाने आम्हाला काही दिलं नाही असं मी म्हणणारच नाही, नोकऱ्या दिल्या, सोसायट्या उभ्या राहिल्या, पोरं शिकली. पण राज्याला जी रॉयल्टी मिळते ती वेगळी गोष्ट आहे. जमिनीवरच्या जुन्या नॉमिनेशनवाल्या, म्हणजे लिलावाशिवाय थेट सरकारी कंपन्यांना दिलेल्या फील्डवर कच्च्या तेलाचा दर २० टक्के, नेल्प या नंतरच्या धोरणात बोली लावून दिलेल्या ब्लॉकवर १२.५. ती राज्याच्या कन्सॉलिडेटेड फंडात, म्हणजे मुख्य तिजोरीत जाते, टॅक्स नसलेलं उत्पन्न म्हणून तिथे नोंद होते, आणि मग पगार, पेन्शन, सबसिडी, रस्ते सगळ्यात मिसळून जाते. वर्ष संपलं की विषय संपला.

आता मला सांगा, ही इन्कम आहे का? माझ्याकडे एखादा क्लायंट आला, एक्सप्रेसवेमध्ये त्याची जमीन गेली, मोबदला बँकेत जमा झाला, आणि तो म्हणाला लिहा की यावर्षी मला छान कमाई झाली, तर मी त्याला समोर बसवून समजावीन की बाबा ही कमाई नाही, तू जमीन विकलीस, तुझी मालमत्ता जमिनीतून बँकेत गेली एवढंच. आमच्या पाद्रा-वाघोडियाच्या बाजूला अशा पैशाचं काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय, एक जण त्यातून दुसरीकडे जमीन घेतो नाहीतर दुकान टाकतो, दुसरा फॉर्च्युनर घेतो आणि मोठं लग्न करतो. मोबदला दोघांना सारखाच मिळालेला असतो. राज्य यातलं काय करतंय हे बजेटची पुस्तकं वाचून सांगता येत नाही आणि माझी पहिली तक्रार हीच आहे. आणि ही फील्ड म्हातारी होत चालली आहेत साहेब, जुन्या विहिरीतून तेलाबरोबर पाणीच जास्त वर येतं, हे ओएनजीसीत आयुष्य घालवलेले कोणीही सांगतील.

रॉयल्टीसाठी गुजरातने भांडणं काय कमी केलीयत? ओएनजीसी रिफायनऱ्यांना तेल डिस्काउंटने द्यायची, तर रॉयल्टी डिस्काउंटच्या आधीच्या किमतीवर द्यायची की नंतरच्या, यावर हायकोर्ट झालं, सुप्रीम कोर्ट झालं. राज्याचं बरोबरच होतं. पण एवढं भांडून आणलेल्या पैशाला घरात आल्यावर वेगळा डबा नाही, हे मला विचित्र वाटतं.

थोडं बडोद्याचं सांगतो, राहवत नाही म्हणून. खंडेराव महाराज गायकवाडांनी मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता, लाखो मोती, वर हिरे-माणकं. तो फिरत फिरत २००९ मध्ये दोह्याला लिलावात साधारण ५५ लाख डॉलरला गेला आणि आज कतारच्या नॅशनल म्युझियममध्ये लोक तिकीट काढून बघतात. आता कतार कोण, तर गॅस विकून आलेला पैसा २००५ पासून वेगळ्या फंडात घालणारा देश. त्याच बडोद्यात खंडेरावांनंतरच्या मल्हारराव महाराजांना पायउतार केल्यावर १८७५ ला दिवाण म्हणून टी. माधवराव आले आणि त्यांनी काय केलं तर आधी हिशोब जागेवर आणला, मग सयाजीराव महाराजांच्या काळात आजवाचं तळं झालं, १९०८ ला बँक ऑफ बडोदा निघाली. आजव्याचं पाणी आम्ही अजून पितोय. मोती आणि तळं दोन्ही एकाच संस्थानाच्या पैशाचे, असो.

मुद्द्यावर येतो. तुमचे अधिकारी पहिली हरकत घेतील की राज्यावर तीन लाख कोटींच्या वर कर्ज आहे, सात-साडेसात टक्क्यांनी पैसे उचलतो, मग फंडात ठेवून सहा-सात टक्के कमवायचे कशाला, तेवढं कर्जच कमी करा. गणिताने हे बरोबर आहे, मी पण क्लायंटला हेच सांगतो, आधी लोन फेडा. नॉर्वेनेही तेच केलं, हे टीव्हीवर कोणी सांगत नाही. त्यांना १९६९ ला समुद्रात तेल सापडलं, फंडाचा कायदा १९९० ला झाला, आणि पहिला पैसा पडला १९९६ ला, कारण तोपर्यंत बजेटमध्ये उरतच नव्हतं. कायदा आधी, पैसा सहा वर्षांनी. आपल्याकडे तर कोविडचं वर्ष सोडलं तर रेव्हेन्यू अकाउंटवर, म्हणजे रोजच्या जमाखर्चात, बरीच वर्षं सरप्लस दिसतोय, आपली तूट आहे ती कॅपिटल खर्चामुळे, म्हणजे आपण काही भिकेला लागलेलं राज्य नाही. आणि खरं सांगू का, "कर्ज फेडू" हे मंत्री बोलतात पण फेडलेलं कर्ज दोन वर्षांनी इलेक्शन आलं की परत उचललं जातं, कोणत्याही पक्षाचं राज्य घ्या. फंडाला कुलूप असतं, कर्ज फेडण्याला नसतं. व्याजातला तो थोडा फरक म्हणजे कुलपाची किंमत, मला ती महाग वाटत नाही.

पण कुलूप नावापुरतं असेल तर काय होतं तेही आपल्याच देशात झालंय. २००५ मध्ये दिल्लीने नॅशनल इन्व्हेस्टमेंट फंड काढला. सरकारी कंपन्यांचे शेअर विकून येणारा पैसा त्यात, मुद्दल कायम ठेवायची, उत्पन्नातला ७५ टक्के शिक्षण-आरोग्यासारख्या गोष्टींना आणि बाकीचा सरकारी कंपन्यांना. किती छान कल्पना. चारच वर्षांत, २००९ ला, मंदीचं कारण देऊन ठरलं की विक्रीचा पैसा थेट योजनांवर खर्च करू, पुढे २०१३ पासून बँकांना भांडवल वगैरेसाठी वापरायला लागले. का शक्य झालं? कारण तो फंड कॅबिनेटच्या निर्णयाने जन्माला आला होता, कॅबिनेटनेच बदलला. संसदेचा कायदा असता तर निदान सभागृहात उभं राहून सांगावं लागलं असतं की आम्ही मुद्दल मोडतोय. तेलावरच्या सेसचं तर बोलायलाच नको, १९७४ च्या कायद्याने तेल उद्योगाच्या विकासासाठी म्हणून गोळा करायचा आणि त्यासाठीच्या बोर्डाला द्यायचा त्यातला चिमूटभर.

दुसरा धोका उलटा आहे, पैसा असला की सरकारला खेळायचा मोह होतो. गुजरातने हे जीएसपीसी या राज्याच्याच कंपनीच्या, आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या केजी बेसिनमध्ये बघितलंय. २००५ ला २० ट्रिलियन क्युबिक फूट गॅस सापडल्याची घोषणा झाली, पेढे वाटले गेले असतील, मग वर्षानुवर्षं ड्रिलिंग, कॅगचे ताशेरे, कंपनीवर जवळपास २० हजार कोटींचं कर्ज, आणि २०१७ मध्ये ८० टक्के हिस्सा ओएनजीसीला ७,७०० कोटींच्या आसपास विकून मोकळे. मी कोणावर आरोप करत नाहीये, गॅस शोधणं हा धंदाच जुगाराचा आहे. पण राज्याने एवढा मोठा डाव एका ठिकाणी लावायचा नसतो. नॉर्वेचा फंड हजारो कंपन्यांत थोडा थोडा असतो, तोही सगळा देशाबाहेर, म्हणजे मंत्र्याच्या मतदारसंघातला कारखाना वाचवायला तो वापरताच येत नाही. आपल्याला बाहेर गुंतवणं जमणार नाही, राज्याच्या हातात डॉलर नसतात. तर मग सुरुवातीला सरळ केंद्र सरकारचे बॉण्ड घ्यावेत. कर्ज फेडायला राज्यं बाजूला ठेवतात तो सिंकिंग फंड रिझर्व्ह बँक सांभाळतेच, तशीच ही पण व्यवस्था. कंटाळवाणी असेल, कंटाळवाणीच हवी. गिफ्ट सिटीत चकचकीत ऑफिस, फंड मॅनेजर, स्टार्टअप, यातलं काही नको. मलेशियात २००९ ला काढलेल्या १एमडीबी या सरकारी फंडाचा पैसा कसा लुटला गेला आणि त्यांचा माजी पंतप्रधान तुरुंगात कसा गेला ते सगळ्यांना माहितीये.

आणि एक हरकत अशी आहे जिच्यापुढे मी थोडा गप्प होतो. ९ जुलै २०२५ ला मही नदीवरचा गंभीरा पूल पडला, पाद्र्याहून आणंदकडे जाणारा, १९८५ चा, वीसच्या आसपास माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदी घराघरात शिरली होती, गाड्या बुडाल्या, मगरी रस्त्यावर. आता अशा शहरात उभं राहून मी म्हणू का की पैसे बॉण्डमध्ये ठेवा? कोणी मला विचारलं की तुझ्या फंडातल्या सात टक्क्यांपेक्षा तो पूल वेळेवर दुरुस्त केला असता तर राज्याचा जास्त फायदा नव्हता का, तर उत्तर एकच, होता. पण पूल पैसे नव्हते म्हणून पडला का हो? नवीन ब्रिजला पैसे असतात, नवीन रिव्हरफ्रंटला असतात, तिथे उद्घाटन असतं, रिबीन असते. जुन्या पुलाच्या बेअरिंगला कोणी रिबीन बांधत नाही त्यामुळे तो खर्च दरवर्षी पुढे ढकलला जातो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की फंडाचं उत्पन्न दुसऱ्या कशालाच वापरायचं नाही, फक्त जे बांधून झालंय त्याच्या देखभालीला. जुने पूल, कालवे, पाण्याच्या लाइनी, सरकारी दवाखान्यांच्या बिल्डिंगा. कायद्यातच लिहायचं. नॉर्वेत २००१ पासून नियम आहे की बजेटमध्ये साधारण फंडाचं महागाई वजा जाता अपेक्षित खरं उत्पन्नच घ्यायचं, आधी ४ टक्के धरलं, २०१७ पासून ३. आपण महागाई वजा करून जे उरेल तेवढंच घ्यावं, सुरुवातीला ते किरकोळ असेल. नॉर्वेची वस्ती ५५-५६ लाख आणि आपली २०११ लाच ६ कोटींवर, तेल त्यांच्यापुढे नगण्य, त्यामुळे गुजरातचा नॉर्वे होईल वगैरे भाषणात कृपया नको. पण रॉयल्टीतला चौथा हिस्सा जरी १९६० पासून असा ठेवला असता तर आज पुलांच्या इन्स्पेक्शनला कोणाच्या तोंडाकडे बघायची वेळ आली नसती. चौथा हिस्सा हे मी मनाने काढलं नाहीये, अलास्काने १९७६ ला राज्यघटनेत हेच घातलं, कमीत कमी २५ टक्के. फक्त त्यांचं एक घेऊ नका, १९८२ पासून ते दरवर्षी प्रत्येक माणसाला फंडातून चेक देतात, आणि आता तिथलं सगळं राजकारण चेक केवढा यावरच चालतं. आपल्याकडे तर डायरेक्ट खात्यात असं कोणीतरी पोस्टर छापेल.

आणि हे आपल्याकडे होऊच शकत नाही असं कोणी म्हणालं तर गोव्याकडे बोट दाखवा. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तिथे लोहखनिजाच्या विक्रीतले १० टक्के कायमच्या फंडात टाकायला सांगितले, येणाऱ्या पिढ्यांचा हिस्सा म्हणून. तिथे कोर्टाला सांगावं लागलं. इथे तुम्ही आपणहून करू शकता, कच्छचं लिग्नाइट आणि बाकीची खनिजं पण त्यात घेऊ शकता.

फंड लगेच नाही काढलात तरी चालेल. येत्या बजेटच्या पुस्तकात एक पान घाला, तेल, गॅस आणि खनिजांच्या रॉयल्टीचं, वर्षाला किती आले आणि तेवढ्याच रकमेची कुठली कायमची मालमत्ता उभी राहिली. तुमचं म्हणणं असेल की रॉयल्टी सगळी कॅपिटल खर्चातच जाते, तर हे पान छापायला काही अडचण नाही, आणि मग मी माझी अर्धी तक्रार मागे घेतो. जात नसेल तर तो आकडा मला, म्हणजे आम्हा सगळ्यांना, बघू द्या. कायद्याचा ड्राफ्ट त्याच्यानंतर करू. ड्राफ्टच्या वेळेला वडोदऱ्यातून कोणी हिशोब तपासणारा लागला तर फुकट येईन, गांधीनगरची बस सकाळी लवकर मिळते.

आपला,
दांडिया बाजारातला एक करदाता, वडोदरा