एअरसॉफ्ट बंदुकीच्या मॅगझिनबद्दल (गोळ्या भरायच्या डबीबद्दल) सर्वांना रिमाइंडर

मंडळी, खाली पडलेल्या बीबी, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या, उचलून परत मॅगझिनमध्ये भरू नका, मातीचा एक कण आत गेला तरी गोळ्यांचं फीड अडकतं आणि वर बॅरलला ओरखडे पडतात ते वेगळंच. मिडकॅप (नुसत्या स्प्रिंगवर चालणारी मॅगझिन) गच्च भरायची नाही, दोन-चार बीबी कमीच ठेवा, आणि गेम संपला की रिकामी करून ठेवा म्हणजे स्प्रिंग ढिली पडत नाही. हायकॅपवाल्यांनी (चावी फिरवून चालणारी, जास्त गोळ्यांची मॅगझिन) चावी सैल करूनच ठेवायची.

गॅसवर चालणाऱ्या मॅगझिनचं उलटं, त्यात थोडा गॅस राहू द्या, सील सुकत नाहीत. सीलला फक्त सिलिकॉन ऑइल, घरातलं कुठलंही तेल नको, रबर फुगतं. सीओटूचं (कार्बन डायऑक्साइडचं) छोटं सिलिंडर मात्र खेळ झाल्यावर काढायचंच. आणि उन्हात तापलेल्या गाडीत गॅस मॅगझिन ठेवू नका प्लीज, कितीदा सांगायचं!