दत्तास, अंबाजोगाईहून

अंबाजोगाई,
रविवार, दुपार

प्रिय दत्ता,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला बसलो की अण्णा पावत्यांची पिशवी घेऊन समोर, "काही कळलं का रे?" आज ते मोर्चाला बीडला गेलेत, म्हणून हात मोकळा आहे.

अण्णांचे रिटायरमेंटचे सात लाख त्या मल्टिस्टेटमध्ये, म्हणजे अनेक राज्यांत चालणाऱ्या पतसंस्थेत, अडकलेत, हे फोनवर बोललोच. बँक असती तर २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला, मल्टिस्टेटला तो नाही. पावतीवर हे कोण छापतंय! शाखेला कुलूप आहे, पण उद्घाटनाचा फोटो अजून काचेला चिकटलेला. फीत कापणाऱ्यांपैकी एकाला मी लग्नात गाठलं. म्हणाले, "सर, आम्ही पाहुणे होतो." निबंधकाला विचारावं, तर मल्टिस्टेटचा निबंधक दिल्लीत. ठेवीदारांसाठी १९९९ चा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त होते, मग लिलाव, मग वाटप. अण्णा बहात्तरचे झाले, गड्या.

माझ्या नोकरीचं विचारलंस. तालुक्यात दिव्यांग मुलांना शिकवणारे आम्ही दोघं विशेष शिक्षक होतो. जूनपासून मी एकटा. दुसऱ्याचा करार वाढवला नाही. "तरतूद नाही," एवढंच उत्तर. आमचा पगार ज्या समग्र शिक्षा योजनेतून होतो, तिचा पैसा साठ टक्के केंद्राचा, चाळीस राज्याचा, त्यामुळे बोट दाखवायला दोन दिशा. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये प्रमाण ठरवायला सांगितलं, मग केंद्रानं २०२२ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक ठरवला. माझ्या वहीत त्रेसष्ट नावं आहेत.

त्यातला एक बाळू. नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, शाळेत नेता येत नाही म्हणून मी घरी जातो. पाच रुपयांचं जाड नाणं चिमटीत धरून डब्यात टाकायला त्याला चार महिने लागले. टण्ण वाजलं की लेकरू असं हसायचं! आधी दर आठवड्याला जायचो, आता तीन आठवड्यांनी. परवा गेलो तर बोटं पुन्हा आवळलेली, नाणं तीनदा मातीत पडलं. चौथ्यांदा त्यानं हातच पुढं केला नाही.

त्याच्या आईनं ऊसतोडीच्या उचलीतले तीस हजार त्याच मल्टिस्टेटमध्ये ठेवले होते. दारोदार ठेवी गोळा करणारा पिग्मी एजंट भावकीतलाच. दसऱ्यानंतर ती कोयता घेऊन निघेल, बाळू आजीपाशी राहील. पैशांचं ती एकदाच बोलली. माझ्या खेपा कमी झाल्याचं मात्र दोनदा.

खरं सांगू? ठेवीदार हजारानं आहेत, म्हणून निदान मोर्चा निघतो. माझ्या त्रेसष्ट लेकरांचे आईबाप बत्तीस गावांत विखुरलेत, त्यातले निम्मे फडावर जाणारे. त्यांच्या दारात मतं मागायला तरी कोण वेगळं जातं? मी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. तुझ्या ओळखीचा तो वकील असेल तर त्याला दाखव, झेरॉक्स सोबत जोडलीय.

अण्णा आले बघ. सांगतायत, मोर्चात पहिलं भाषण त्या पाहुण्यांनीच केलं, आणि टाळ्याही पडल्या. चहा मागतायत. थांबतो.

तुझा,
सुभाष