सगळं नॉर्मल आहे म्हणे

नाशिक,
१२ ऑगस्ट

ठमे,

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. तुझ्या लेकीच्या बारशाला मला ताप आला नव्हता. साडी नेसून, आहेराची पिशवी घेऊन मी स्टँडवर पोचले होते. पुण्याची गाडी लागली, भरली, माझ्यासमोरून निघून गेली. मी उसाचा रस प्यायले आणि घरी परत आले. चांदीचे वाळे अजून कपाटात आहेत, मखमली डबीत.

रागवायचं तर रागव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. मला तुझ्याकडून एक माहिती हवी आहे. ती माझ्या आईकडेही नाही.

मूल व्हावं म्हणून डॉक्टरांच्या वाऱ्या सुरू होऊन तीन वर्षं आणि दोन महिने झाले गं. तुला फोनवर वरवरचं सांगत आले. 'चालू आहे ट्रीटमेंट' म्हणायचं आणि विषय बदलायचा, ही कला मला आता छान जमते. फाइल इतकी फुगली आहे की रबर लावावं लागतं. थायरॉइड नॉर्मल, प्रोलॅक्टिन नॉर्मल, एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती ते सांगणारी रक्ततपासणी, वयाच्या मानाने चांगलं. फॉलिक्युलर स्टडी म्हणजे पाळीच्या दहाव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफी. बीज आज १४ मिलिमीटर, परवा १७, मग २०, मग फुटलं. ऑफिसात कळू नये म्हणून सकाळी आठला जाऊन बसायचं. समोरच्या भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' आणि त्याच्या शेजारी गुटगुटीत बाळांचे फोटो. मला त्या बाळांचे चेहरे पाठ आहेत.

नवऱ्याचा रिपोर्ट पहिल्या फटक्यात उत्तम आला. त्या आनंदात तो पाव किलो जिलबी घेऊन घरी आला आणि माझ्याकडे बघून त्याचा चेहरा पडला. जिलबी चार दिवस फ्रिजमध्ये होती. शेवटी कामवाल्या मावशींना दिली. त्याचं काही चुकलं नव्हतं, माझंही नाही. पण त्याचा चांगला आला म्हणजे माझ्यात काहीतरी आहे, हे आम्ही दोघांनी एकाच क्षणी मनात धरलं आणि दोघंही बोललो नाही.

मग नळ्यांची तपासणी. एक्स-रेच्या टेबलावर झोपवून आत औषध सोडतात आणि ते नळ्यांतून पुढे जातं का ते बघतात. सिस्टर म्हणाली, पाळीसारखं थोडं दुखेल. पाळीसारखंच दुखलं. 'माझ्या' पाळीसारखं म्हणजे काय, हे तिला कुठून माहीत असणार! दोन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या.

डॉक्टरांनी फाइल पत्ते पिसावेत तशी चाळली. "सगळं नॉर्मल आहे. अनएक्सप्लेन्ड, कारण सापडत नाही. टेन्शन घेऊ नकोस, कुठेतरी मस्त फिरून या." सातशे रुपये. पहिल्यांदा गेले तेव्हा हेच डॉक्टर म्हणाले होते, तरुण आहेस, घाई काय आहे. या वेळी उठता उठता म्हणाले, आता वय वाढतंय, आयव्हीएफचा विचार करा. नोव्हेंबरात मला ३४ पूर्ण होतील. म्हणजे घाई नसलेलं वय आणि उशीर झालेलं वय यांच्या मधलं जे बरोबर वय होतं, ते मी त्यांच्याच बाकावर बसून घालवलं.

आणि हे टेन्शन प्रकरण! माझी आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. घरात धान्य नाही, विहिरीला पाणी नाही, आजोबा गाव सोडून गेलेले. मामाचा जन्म त्याच सुमाराचा. तिला कोण म्हणालं होतं, रिलॅक्स हो, गोव्याला जाऊन ये? गंमत म्हणजे आधी मला टेन्शन नव्हतंच. ते 'घेऊ नकोस' ऐकल्यापासून सुरू झालं. आता पाळी आली की वाटतं, आपल्यालाच नीट रिलॅक्स होता आलं नाही.

सासूबाई मला त्र्यंबकला घेऊन गेल्या. नारायण नागबळी करायचा, तीन दिवसांचा विधी. मी चिडत चिडत गेले. तर गुरुजींनी अर्धा तास समोर बसवून चौकशी केली. गोत्र कुठलं, घराण्यात कोणी अकाली गेलं का, कोणाच्या हातून नाग मारला गेला का, माहेरी काय, सासरी काय. मधे त्यांचा फोन वाजला, तोही त्यांनी बंद केला. मी नागबळीने मूल होतं असं मानत नाही, तुला ठाऊक आहे. विधी केलाच नाही आम्ही. पण परतीच्या गाडीत एकच डोक्यात, की तीन वर्षांत एवढे प्रश्न मला कोणी विचारलेच नव्हते.

त्यानंतर मी वाचायला लागले. वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत की तपासण्या सुरू करायच्या, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच, इथपर्यंत आपल्याला माहीत असतं. पण नॉर्मल म्हणजे काय? नळी मोकळी आहे म्हणजे औषध तिच्यातून वाहिलं, एवढंच. ती बीज उचलून घेते की नाही, ते त्यात दिसत नाही. बीज फुटलं हे सोनोग्राफीत दिसतं, ते कसं आहे हे नाही. आणि एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर भलतीकडे वाढतं ते, त्याचे बारीक ठिपके सोनोग्राफीत दिसत नाहीत. ते बघायला पोटात दुर्बीण घालावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण सहा माणसांत एकाला कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. तेव्हापासून मी लग्नाच्या पंगतीत पानं मोजते. वाईट खोड आहे, पण बरं वाटतं.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी फाइल बाजूला ठेवली. म्हणाल्या, "कारण मला अजून माहीत नाही. पाळीबद्दल सांगा. दुखतं का?" मी म्हटलं, सगळ्यांचं दुखतं तेवढंच. "शाळा-कॉलेज बुडायचं का? कितव्या वर्षापासून?" आणि मी गप्प. मला सांगताच येईना. आठवलीस ती तू.

होस्टेलवर शेकायची पिशवी नव्हती म्हणून बादलीत कॉइल लावून पाणी तापवायचीस, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरायचीस, आणि बाटली आकसून वाकडी व्हायची. मी बाथरूमच्या गार फरशीवर पडलेली असायचे आणि तू दारातून ओरडायचीस, मेफ्टाल घेतलीस का? तेव्हा कॉलेजजवळच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, आठवतंय? "लग्न झालं, एक मूल झालं की आपोआप थांबेल." आपण दोघी बाहेर येऊन किती हसलो होतो. ठमे, मूल हा त्या दुखण्यावरचा इलाज होता. आता कदाचित त्या दुखण्यामुळेच मूल होत नाहीये. खात्री कशाचीच नाही, दुर्बीण घालूनही काही सापडणार नाही असं होऊ शकतं, हेही बाईंनी सांगितलं. पण त्यांच्या 'माहीत नाही'वर मी खुर्चीत बसून जी रडले, ती तीन वर्षांत रडले नव्हते.

तर मला एवढं सांग. माझं आडवं पडणं एफवायपासून होतं की नंतर सुरू झालं? महिन्याला किती दिवस जायचे? टीवायचा जो पेपर मी अर्ध्यात सोडून आले, तू रिक्षा करून आणलंस, तो पाळीमुळेच ना? की मी आता सगळं तिकडे ओढतेय? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून वाढवून सांगू नकोस. पुढच्या सोमवारी बाईंकडे जायचं आहे, त्याच्या आत कळव. फोन नको, फोनवर मला बोलता यायचं नाही.

तुझी,
काठी

ता. क. वाळे आता तिला लहान होणार. मोडून पुढच्या मापाचे करून घेते. तिच्या पायाचं माप दोऱ्याने घेऊन तो दोरा पत्रात घाल.