ग्रीनवुडचं मूळ शोधून देणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. न. वि. वि.

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला वंशावळ फ्रेम करून दिली. कौतुक माझं झालं. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही ‘अगं, त्यात काय’ म्हणून मॉन्ट्रियलच्या बर्फाकडे वळता. म्हणून हे पत्र चारचौघांत.

माझ्याकडे होतं काय? ग्रीनवुड हे सासरचं आडनाव, न्यू हॅम्पशरमधलं मँचेस्टर, आणि खापरपणजोबा अमोस्केगच्या कापडगिरणीत होते ही ऐकीव गोष्ट. घरात सगळे धरून चालले होते की आपण मूळचे इंग्रज. तुम्ही आडनाव ऐकून हसलात. “फ्रेंचमध्ये ब्वा म्हणजे रान, व्हेर म्हणजे हिरवं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये ब्वाव्हेर शोध.” १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख माणसं क्युबेक सोडून अमेरिकेत उतरली, आणि रुआचे किंग, लब्लांचे व्हाइट झाले. कुणाचं नाव कारकुनाने बदललं, कुणी आपणहून बदललं.

ब्वाव्हेर सापडले आणि अठराव्या शतकात पुन्हा हरवले. तिथे चर्चच्या नोंदीत ‘दनेव्हेर दि ब्वाव्हेर’ होतं. त्या ‘दि’वर मी आठवडाभर डोकं आपटलं. तुम्ही एका शब्दात सोडवलंत: ऊर्फ. फ्रेंच पलटणीत शिपायाला टोपणनाव मिळे आणि ते पोरांना चिकटे. जमिनीवरून, गावावरूनही नावं पडत. एक भाऊ जुनं आडनाव लावी, दुसरा ऊर्फ. आमच्याकडे एक चुलत घर कुलकर्णी आणि दुसरं गावाचं ‘कर’, तरी हे मला सुचू नये!

आणि माझा तो ‘लावेय’. बाप्तिस्म्याच्या प्रत्येक नोंदीत भेटायचा, म्हणून मी त्याचं गाव समजून नकाशावर शोधत बसले. त्याचा अर्थ ‘आदल्या दिवशी’. बाळ काल जन्मलं, एवढंच. तसंच मुलगे सगळे जोसेफ आणि मुली सगळ्या मारी का, हेही तुम्हीच सांगितलंत. बाप्तिस्म्यात पहिलं नाव सगळ्यांना तेच, हाक मारायचं नाव शेवटचं असतं. मी तोवर एकाच जोसेफला सहा वर्षांत चार वेळा जन्माला घातलं होतं.

पण खरं काम झालं ते तुमच्या एका सवयीमुळे. मी पुरुषांच्या मागे धावायची, तुम्ही दर वेळी विचारायचात, “आईचं माहेर?” लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांचे आईबाप, आणि आई माहेरच्या नावानेच. दफनाच्या पानावरसुद्धा बाई आधी माहेरची, मग ‘अमक्याची बायको’. (१९८१पासून तर क्युबेकमध्ये कायद्यानेच नाव माहेरचं राहतं.) खाली पाद्री लिहून ठेवतो: सही करता येत नाही असं सांगितलं. अशा सही न येणाऱ्या बायकांचा हात धरून आपण आयांकडून आयांकडे चढत गेलो आणि पोचलो एका ‘राजाच्या लेकी’पाशी. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत फ्रान्सच्या राजाने खर्च करून कॅनडातल्या वसाहतीत धाडलेल्या पावणेआठशेच्या आसपास मुलींतली ती एक. तिचं तिच्या बापाचं आडनाव साडेतीनशे वर्षांनी जसंच्या तसं वाचता आलं.

त्या रात्री तुम्ही सहज विचारलंत, “आणि तुझ्या पणजीचं माहेर?” लग्नात तांदळात लिहिलेलं तिचं नाव लक्ष्मी, एवढंच ठाऊक आहे. आधीचं नाव आत्यालाही आठवत नाही, आडनाव तर नाहीच.

डिसेंबरात नाशिकला जाते आहे. आमच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्याच्या नामावळीची वही आहे म्हणतात. जुनी पानं मोडीत असणार. काकू, तुम्हाला मोडी येते का हो?

तुमची,
ग्रीनवुडांची सून