शासकीय पोर्टलची चाचणी गावातल्या मोबाइलवर घ्यावी

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

एखादी संगणक प्रणाली किती लोकांचा भार पेलते आणि तो पेलताना किती वेगाने चालते, हे ती लोकांच्या हाती पडण्यापूर्वी तपासणे हा माझा पुण्यातला रोजचा व्यवसाय आहे. दाखल्यासाठी तालुक्याला घालाव्या लागणाऱ्या खेपा ऑनलाइन सेवांमुळे कमी झाल्या, याचे मला मोल आहे. म्हणूनच ही विनंती करीत आहे.

गेल्या वर्षी एका योजनेची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना मी आईसोबत गावातल्या सेवा केंद्रात बसले होते. सातबाऱ्याचा फोटो अपलोड होईपर्यंत लॉगिनची वेळ संपली, पुन्हा लॉगिन करायला गेलो तर ओटीपी त्याची मुदत उलटल्यावर आला, आणि भरलेला सगळा अर्ज कोरा झाला. केंद्र चालवणारा मुलगा म्हणाला, "काकू, रात्री बारानंतर या, तेव्हा साइट चालते." गुडघेदुखीने जिना टाळणारी माझी आई रात्री साडेबाराला बॅटरी घेऊन पुन्हा गेली.

सर्व्हर त्या दुपारी सुरूच होता. भार-चाचणी बहुधा वेगवान जोडणीवरच्या संगणकावरून घेतली जाते आणि तीत सर्व्हरने उत्तर किती वेळात पाठवले एवढेच मोजले जाते. ते उत्तर स्वस्त मोबाइलच्या पडद्यावर उमटायला लागणारा वेळ, कमकुवत नेटवर्कवर अडकलेला फोटो, उशिरा आलेला एसएमएस यांतले काहीच त्या मोजमापात येत नाही. त्यातच अहवालात सरासरी दिली जाते. शंभरांतल्या नव्वद जणांना पान १ सेकंदात आणि दहा जणांना ३० सेकंदांत मिळाले, तर सरासरी ३.९ सेकंद येते; तो आकडा त्या शंभरांतल्या एकाच्याही वाट्याला आलेला नसतो.

गूगलच्या निकषानुसार पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, आणि चारपैकी तीन भेटींत तसे घडले की पान उत्तीर्ण मानले जाते. दुकानाला हे पुरेसे असेल, कारण चौथा ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. शासनाच्या दारात आलेल्या चौथ्या नागरिकाला दुसरे दार नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेल्या आरोग्य विम्याच्या सरकारी संकेतस्थळावर पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली होती. लाखो लोक पानापर्यंत पोहोचले होते, पण त्यांचे काम तडीस गेले नव्हते.

म्हणून पोर्टलच्या प्रत्येक निविदेत अशी अट असावी की चाचणी लॉगिनपासून पोचपावती हाती येईपर्यंतच्या संपूर्ण कामाची, साध्या अँड्रॉइड मोबाइलवर, ग्रामीण नेटवर्कवर आणि शेवटच्या दिवसाच्या गर्दीइतक्या भाराखाली घेतली जाईल. त्या गर्दीत लोक पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतात आणि भार आणखी वाढतो, तेही चाचणीत धरावे. पोर्टल सुरू झाल्यावर, नागरिकाची ओळख न नोंदवता, प्रत्यक्ष वापरातला वेळ आणि अर्धवट सुटलेले अर्ज मोजले जावेत, आणि कंत्राटदाराचे देयक त्या आकड्यांशी जोडावे. कमी वेळ लागलेल्यापासून जास्त वेळ लागलेल्यापर्यंत ओळीने लावलेल्या शंभर अर्जदारांपैकी पंच्याण्णवाव्याला किती वेळ लागला, हा आकडा दरमहा जाहीर व्हावा.

अशा अटींचा मसुदा तयार करण्यासाठी बोलावल्यास मी विनामोबदला येईन.

कळावे,
आपली नम्र,
एक चाचणी अभियंता, पुणे