लोवेलच्या गिरण्यांना कापूस कुठून यायचा?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल गावच्या पहिल्या कापडगिरण्यांवरचा लेख वाचला. मुलींचा भाग खरंच छान उतरलाय, शेतकऱ्यांच्या घरातल्या त्या पोरी, कंपनीच्या बोर्डिंगमध्ये एकेका खोलीत दाटीवाटीने राहायच्या, पहाटे घंटा झाली की कामावर, आठवड्याला 73 तासांच्या आसपास काम, आणि 1834 मध्ये मालक पगार कापायला निघाले तेव्हा सरळ माग सोडून रस्त्यावर उतरल्या, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. पण एक प्रश्न अख्ख्या लेखात आलाच नाही, एवढा कापूस यायचा कुठून? मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत तर तो पिकत नाही.

लेखक म्हणतात व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आणि फ्रान्सिस लोवेलने इंग्लंडातून डोक्यात साठवून आणलेला यंत्रमाग, यावर हा धंदा उभा राहिला. अर्धी गोष्ट झाली ही. यंत्राने सरकी झटपट निघायला लागली हे मान्य, पण कापूस लावायला जमीन लागते ना, आणि अलाबामा-मिसिसिपीतली कसदार काळी जमीन तेव्हा क्रीक, चॉक्टॉ आणि चिकसॉ या मूळ रहिवाशांच्या जमातींची होती. लोवेल गावाची रीतसर स्थापना 1826 ची, आणि राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकलायच्या कायद्यावर सही केली मे 1830 मध्ये. चारच वर्षांचं अंतर! खालच्या सभागृहात तो कायदा 102 विरुद्ध 97 असा जेमतेम पास झाला, म्हणजे विरोध करणारेही तेव्हा भरपूर होते, उत्तरेतल्या बायकांनी तर सह्या गोळा करून वॉशिंग्टनला अर्ज पाठवले होते.

आधी चॉक्टॉ गेले, मग क्रीक, मग चिकसॉ, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत न्यूयॉर्कच्या लोकांनी कंपन्या काढून पैसा लावला. राबायला व्हर्जिनिया-मेरीलंडकडून गुलाम विकत आणले, 1790 ते 1860 या काळात असे दहाएक लाख माणसं दक्षिणेत नेली गेली. तो कापूस लोवेलला यायचा, मुली कापड विणायच्या आणि त्यातलंच जाडंभरडं कापड गुलामांच्या अंगावर घालायला परत दक्षिणेत विकलं जायचं, तिथे त्याला नावच 'लोवेल' पडलं होतं. आणि या मुली संपात स्वतःची तुलना गुलामांशी करत होत्या! त्यांना दोष देत नाहीये मी, त्यातल्या बऱ्याच जणी पुढे गुलामीविरोधी चळवळीत होत्या, पण हे सगळं एकाच धाग्यातलं आहे आणि लेखात तो धागाच तुटलाय.

मूळ रहिवाशांचीच आणखी एक जमात, चेरोकी, त्यांचं थोडं वेगळं. त्यांच्या डोंगरात सोनं सापडलं, जॉर्जियाने त्यांची जमीन चक्क लॉटरी काढून गोऱ्यांना वाटली. स्वतःची लिपी, 1827 ची राज्यघटना, 1828 पासून वर्तमानपत्र, सगळं होतं त्यांच्याकडे (काही श्रीमंत चेरोकींकडे गुलामही होते, तेही सांगायला हवं). 1832 मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण जॉर्जियाने तो गुंडाळून ठेवला. 1838 मध्ये सैनिकांनी त्यांना घरातून ओढून काढलं आणि नदीपलीकडे हाकललं, साधारण 16 हजारांपैकी 4 हजार तरी मेले असं धरतात.

आणि हे आपल्यापासून फार लांबचंही नाही. ज्या मिशनरीमुळे ही कोर्टकेस उभी राहिली तो सॅम्युअल वूस्टर बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचा माणूस. चेरोकींच्या मुलखात राहतो पण जॉर्जिया सरकारचा परवाना घेत नाही म्हणून त्याला चार वर्षं सक्तमजुरी ठोठावली होती. त्याच बोर्डाचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे आमच्या नगरला आले, ज्या मिस फरारच्या मुलींच्या शाळा जोतिरावांनी नगरला पाहिल्या त्या बाईही याच बोर्डाच्या. बोर्डाचे सेक्रेटरी जेरेमाया एव्हर्ट्स यांनी तर 1829 मध्ये टोपणनावाने वर्तमानपत्रात लेखामागून लेख लिहून हाकलण्याच्या धोरणाला विरोध केला होता. पण वूस्टर 1833 मध्ये तुरुंगातून सुटेपर्यंत बोर्डाची हवाच निघाली होती, आता जमीन सोडा असंच ते चेरोकींना सांगायला लागले.

अजून एक राहिलं. लोवेल गाव स्वतःच पेनाकूक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मासेमारीच्या जागेवर उभं आहे, त्यांना सतराव्या शतकातच हुसकावलेलं. त्यांच्या वानालान्सिट नावाच्या प्रमुखाचं नाव आज तिथल्या एका जुन्या गिरणीच्या इमारतीला आहे.

लेखाखाली 'क्रमशः' छापलंय म्हणून हे लिहितोय. पुढच्या भागात 1830 च्या आधीचा आणि नंतरचा दक्षिणेचा नकाशा शेजारी शेजारी छापता आला तर बघा, आणि कापसाचे पट्टे त्यावर दाखवा.

— एक वाचक, अहिल्यानगर