रद्दीत घालण्याआधी ते कपाट उघडून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी लागली की आपल्याकडच्या जुन्या महाविद्यालयांत रंगरंगोटी आणि भंगार काढणं सुरू होतं. गेल्या मे महिन्यात अशाच एका ठिकाणाहून माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, "मॅडम, लॅबमधलं मागचं कपाट रद्दीवाल्याकडे चाललंय. येता का?"

कपाटात तीनशेच्या वर हर्बेरियम शीट निघाल्या. म्हणजे दाबून, वाळवून जाड कागदावर डकवलेल्या वनस्पती. खाली लेबलवर नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. कोपरे कसरीने खाल्लेले, बऱ्याच पानांचा भुगा झालेला. पण 'नासिक, गंगापूर, नदीकाठ' असं लेबल दिसलं आणि मी खालीच बसले. १९६५ साली पूर्ण झालेल्या गंगापूर धरणाच्या पाण्याखाली तो काठ कधीच गेला. तिथे काय उगवत होतं, याचा पुरावा कपाटाच्या तिसऱ्या फळीवर होता.

त्यानंतरचे चार महिने आम्ही दोघींनी यादी केली. काही लेबलं गळून पडली होती. तिथे कामी आली ती रोपं गुंडाळलेली जुनी वर्तमानपत्रं! अंकाच्या तारखेवरून निदान एवढं कळतं की कागदात ठेवण्याचं काम त्यानंतरचं. त्याहून जास्त काही सांगता येत नाही, कारण रद्दी घरात किती वर्षं पडून होती कोणास ठाऊक. नावांचाही घोळ. लेबलवर 'युजेनिया जाम्बोलाना' आणि हल्लीच्या पुस्तकात 'सिझिजियम क्युमिनी', झाड एकच, आपली जांभूळ. जुनं नाव न खोडता शेजारी नवं लिहायचं, हा नियम आम्ही पाळला.

एका शीटवर 'अंजनेरी, ऑगस्ट' आणि 'सेरोपेजिया, जात?' एवढंच लिहिलेलं आहे. सेरोपेजिया म्हणजे कंदीलपुष्प. अंजनेरीवरची 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही जात शास्त्राच्या दप्तरी २००६ साली नोंदली गेली. ही शीट त्याच जातीची आहे असं मी म्हणत नाही. दाबून चपट्या झालेल्या कंदिलावरून ते ठरवणं माझ्या डोळ्यांच्या पलीकडचं आहे. पण प्रश्नचिन्ह लावणाऱ्याने प्रामाणिकपणे लावलं, आणि ते सोडवायला कोणी तरी ही शीट पाहिली पाहिजे. रद्दीवाल्याच्या तराजूत तिचं वजन काही ग्रॅम भरलं असतं.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९१ साली नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवर ग्रंथ काढला आहे. या संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे आणि मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. सांभाळणं झेपत नसेल तर अशा ठिकाणी आधी विचारावं. ज्यांना झेपतं, त्यांनी निदान यादी करून प्रत्येक शीटचा लेबलसकट फोटो काढावा. जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या आहेत. त्यांत आज काय आहे ते येतं, पूर्वी काय होतं ते या कपाटांतून येईल.

एक सूचना कळकळीची. जुन्या काळी कीड लागू नये म्हणून या शीटना मर्क्युरिक क्लोराइड लावत. ते विष आहे. हे मला पहिल्या दिवशी आठवलं नाही. कीड मारायला शीट पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवतात, म्हणून मी चक्क कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडे गेले होते. त्याने हात जोडले, बरं झालं.

तेव्हा कोणाच्या लॅबमध्ये असं कपाट असेल तर हातमोजे घालूनच उघडा आणि आपल्या दैनिकामार्फत मला कळवा. यादीला बसायला मी येईन, चष्मा आणि भिंग माझं.

आपली,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापिका,
गंगापूर रोड, नाशिक